जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट : पहिल्यांदाच टाकणाऱ्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला निरोप दिला. घरातले लॅपटॉप त्या दिवशी काही बंद पडले नाहीत. आजही ते सुरू होतात, चालतात. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. घरगुती वापरासाठीच्या वाढीव योजनेत नाव नोंदवलं असेल तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ढकलता येतं, त्यापुढे नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. २०१५-१६ साली घेतलेलं मशीन त्यात बसत नाही. दुकानात विचारलं तर ‘नवीन घेऊन टाका’ हे उत्तर तयारच असतं.

ज्या मशीनचा कीबोर्ड, स्क्रीन आणि पंखा ठणठणीत आहे, ते भंगारात काढायची गरज नाही. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, टाकता येते, फुकट आणि राजरोस. खाली दिलंय ते लिनक्स मिंट या तिच्या एका प्रकाराबद्दल आहे आणि आयुष्यात कधी ऑपरेटिंग सिस्टिम न टाकलेल्या माणसासाठी आहे. प्रत्यक्ष टाकणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळ्यात सोपंही तेच. खरं काम त्याच्या आधी असतं : आपल्याला हे चालेल का ते बघणं, फायली बाहेर काढणं, आणि पेन ड्राइव्हवरून चालवून खात्री करून घेणं. लोकांचं बिनसतं ते या तीन गोष्टी गाळल्यामुळे, म्हणून या लेखातही त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी कोणी थांबावं ते

टॅलीवर हिशेब ठेवत असाल तर हे मशीन विंडोजवरच राहू द्या. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. फोटोशॉप, कोरलड्रॉ, श्रीलिपी यांचंही तेच. एमएस ऑफिस ब्राउझरमध्ये चालतं, पण इन्स्टॉल करता येत नाही. त्याऐवजी लिबरऑफिस मिळतं. पत्रं, बायोडेटा, सोसायटीच्या मेंटेनन्सचा तक्ता यांना ते पुरून उरतं. मॅक्रोंनी खचाखच भरलेली एक्सेल शीट असेल तर मात्र अडतं. टेंडर किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचा डोंगल वापरत असाल तर त्या कामापुरतं विंडोज हाताशी ठेवा. डोंगलचे ड्रायव्हर, म्हणजे तो कॉम्प्युटरशी जुळवणारी सॉफ्टवेअरं, लिनक्ससाठी मिळतातही, पण शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता ते जुळवत बसण्याची वेळ येऊ नये.

प्रिंटरचं आधीच बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावले की चालतात. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलावर हमखास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या वेगळ्याच पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर तो मनासारखा वागेपर्यंत घाम काढतो. तोच प्रिंटर रोज लागत असेल तर त्याच्यासाठी दुसरं मशीन बघा.

बाकी मंडळींनी, म्हणजे ब्राउझर, यूट्यूब, ईमेल, बँक, मुलांचा ऑनलाइन क्लास, थोडं टायपिंग, फोटो एवढंच ज्यांचं काम आहे त्यांनी, पुढे वाचायला हरकत नाही. घरातल्या बहुतेक कॉम्प्युटरचं काम एवढंच असतं.

मिंटच का

लिनक्सचा गाभा लिहायला घेतल्याचं लायनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केलं. तेव्हा तो हेलसिंकीत शिकत होता. त्या गाभ्याभोवती मेनू, खिडक्या आणि रोजची सॉफ्टवेअरं रचून जे तयार संच मिळतात त्यांना डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, फेडोरा, डेबियन अशी पुष्कळ आहेत. मिंट २००६पासून आहे आणि उबुंटूवर बेतलेलं आहे. डावीकडे खाली मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघड्या खिडक्या अशी त्याची मांडणी असल्याने विंडोजची सवय असलेल्याला शिकायला फारसं काही उरत नाही. कुठलं डिस्ट्रो भारी यावर लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. नवख्याने त्यात पडू नये.

मिंटच्या २२ मालिकेतली जी सगळ्यात ताजी आवृत्ती साइटवर दिसेल ती घ्या. ही मालिका उबुंटू २४.०४वर आधारलेली आहे आणि तिला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळतील. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशी तीन रूपं दिसतील. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. मिंटवाले किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगतात, पण स्वतःच ४ जीबी आणि १०० जीबीची शिफारस करतात. ती शिफारसच खरी धरा. २ जीबीवर मिंट उभं राहतं हो, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की बसकण मारतं.

एक खर्च मात्र आवर्जून करावा असा. लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर साधी २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. जुनं मशीन हळू असतं ते बहुतेक वेळा डिस्कमुळे, विंडोजमुळे नव्हे. शिवाय यात दुहेरी फायदा आहे : जुनी डिस्क काढून ठेवली म्हणजे तुमचं विंडोज, फायली, सगळं जसंच्या तसं शाबूत राहिलं. नव्या एसएसडीवर बिनधास्त प्रयोग करा. नाही जमलं तर जुनी डिस्क परत बसवा. जमलं तर यूएसबीचं एन्क्लोजर (डिस्क बसवायची डबी) घेऊन तीच डिस्क बॅकअपला वापरा. पहिल्यांदाच टाकणाऱ्यासाठी याहून सुरक्षित मार्ग मला तरी माहीत नाही.

फायली बाहेर काढा

एसएसडी बदलणार नसाल तर बॅकअपला पर्याय नाही. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळेच घेतात. विसरतात ते हे : डेस्कटॉपवर पसरलेल्या फायली, डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि त्यात साठवलेले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल. आणि जुनं मराठी टायपिंग असेल तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले शिवाजी, कृतिदेव वगैरे फॉन्ट. हे फॉन्ट गेले की वीस वर्षांपूर्वीचा मजकूर अगम्य चिन्हांचा ढिगारा होतो, म्हणून ते वेगळे काढून ठेवा.

बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून दोन-चार फायली उघडून बघा. फायलींची नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं.

विंडोजच्या लायसन्सची चिंता नको. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज त्या मशीनच्या हार्डवेअरला जोडलेलं असतं. उद्या पुन्हा टाकावंसं वाटलं तर बहुधा प्रॉडक्ट की न मागताच ते सक्रिय होतं.

विंडोजमध्ये दोन स्विच

विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असाल तर हे दोन्ही करा.

पहिला, बिटलॉकर. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं, आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. चालू असेल तर बायॉसला, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जना, हात लावण्याआधी ते बंद करा आणि उलगडणी पुरी होऊ द्या, त्याला तास-दोन तास लागू शकतात. नाहीतर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड कोणाला आठवतोय?

दुसरा, फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू’ असं जाऊन त्याची खूण काढा. हे चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटला विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, नीट वापरता येत नाही. फायली दिसतात, बदलता येत नाहीत.

आयएसओ आणि पेन ड्राइव्ह

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण मिंट एकत्र बांधलेली फाइल, घ्या. ती जवळपास ३ जीबीची असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर एका दिवसात उतरणार नाही, तेव्हा टॉरंटची लिंक वापरा. तुटलं तिथून उद्या पुढे सुरू होतं. वायफाय असेल तर यादीतला भारतातला सर्व्हर निवडा.

उतरलेली फाइल धड आहे का हे तपासायची पायरी लोक सर्रास सोडतात. सोडू नका, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर आयएसओवर राइट-क्लिक, त्यात ‘सीआरसी एसएचए’, त्यात ‘एसएचए-२५६’. अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ येईल. साइटवर त्या आवृत्तीपुढे दिलेल्या माळेशी ती ताडून बघा. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी घरगुती कामाला पुरे. नाही जुळली तर फाइल पुन्हा उतरवा. त्याच फाइलवर पुढे गेलात तर अर्ध्यात कुठेतरी न समजणारा एरर येऊन अडकाल.

पेन ड्राइव्ह ४ जीबीचा चालतो, दुकानात आता ८ किंवा १६चाच मिळेल. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. आयएसओ नुसती कॉपी करून चालत नाही, ती ‘लिहावी’ लागते. त्यासाठी बलेना एचर हे सोपं सॉफ्टवेअर आहे : फाइल निवडा, पेन ड्राइव्ह निवडा, फ्लॅश दाबा. लिहून झालं की विंडोज हटकून विचारतं, ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करायचा का?’ तिथे कॅन्सल. त्याला लिनक्सचे पार्टिशन वाचता येत नाहीत म्हणून तो विचारतोय. हो म्हटलंत तर आत्ताच केलेलं काम पाण्यात. बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर आधी काढून ठेवा, म्हणजे चुकीचा ड्राइव्ह निवडायचा प्रश्नच येणार नाही.

पेन ड्राइव्हवरून सुरू करणं

मशीन चालू होताना एक ठरावीक की भराभर दाबत राहायची. डेलला आणि बऱ्याच लेनोवोंना एफ१२. एचपीला आधी एस्केप, मग एफ९. असुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरलाही एफ१२, पण ती बहुतेकदा बायॉसमध्ये, म्हणजे एफ२ दाबून, आधी चालू करावी लागते. ही पळापळ नको असेल तर विंडोजमधूनच शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, येणाऱ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ घ्या आणि पेन ड्राइव्ह निवडा.

काळ्या पडद्यावर मिंटचा छोटा मेनू आला की पहिल्या ओळीवर एंटर. नंतर पडदा काळाच राहिला, तर मशीन बंद करून पुन्हा या आणि दुसरी ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ची ओळ घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर हे बरेचदा लागतं. सिक्युअर बूटमुळे, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या सोयीमुळे, पेन ड्राइव्ह नाकारला गेला तर बायॉसमध्ये जाऊन तेवढं बंद करा. पण मिंट बहुतेक मशीनवर सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतं, म्हणून आधीच बंद करायची घाई नको.

न टाकता वापरून बघा

आता समोर दिसतोय तो पूर्ण चालता मिंट आहे, तोही पेन ड्राइव्हवरून. तुमच्या डिस्कला अजून कशाचाही स्पर्श झालेला नाही. पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलंत तर विंडोज होतं तसंच उघडेल.

इथे निवांत वेळ काढा. वायफाय जोडा. यूट्यूबवर काहीतरी लावून आवाज ऐका, हेडफोन लावून ऐका. कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या किया, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन जागं होतंय का ते. प्रिंटर लावून एक पान छापा. घरात जो कोणी हे मशीन वापरणार आहे त्याला बसवा, तुम्ही बाजूला बसा. बाबांना त्यांची बँकेची साइट उघडू द्या, आईला तिचे रेसिपीचे व्हिडिओ. शंका आत्ताच निघू देत.

वेग मात्र यावरून जोखू नका. पेन ड्राइव्हवरून सगळं रेंगाळतच चालतं.

वायफाय दिसत नसेल तर चिपसेट बहुधा ब्रॉडकॉमचा असतो आणि त्याचा ड्रायव्हर नंतर टाकावा लागतो. तोवर फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला वायरीचं इंटरनेट समजतं, काहीही न टाकता चालतं.

आता टाका

लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे लाईट जाण्याची ठरलेली वेळ असेल, तर ती टाळून बसा. पार्टिशन सरकवत असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो.

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर डबल-क्लिक. पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठी आहे. घरातल्या ज्येष्ठांना इंग्रजी जड जात असेल तर ती जरूर निवडा. बाकीच्यांना मी इंग्रजीच सुचवेन, कारण मराठी मेनूत काही ठिकाणी भाषांतर नाही आणि अडल्यावर शोधाल ते उत्तर इंग्रजी मेनूच्या भाषेतच सापडेल. मराठीत लिहिण्याचा याच्याशी संबंध नाही, ते कुठल्याही मेनूत जमतं. कीबोर्ड आत्ता ‘इंग्लिश यूएस’ ठेवा. आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड तेच असतात, आणि पासवर्ड देवनागरी कीबोर्डवर टाकायची वेळ येत नाही.

‘मल्टिमीडिया कोडेक’ची, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची, खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक छोटा पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहा. टाकून झाल्यावर पहिल्याच रीस्टार्टला निळा पडदा येतो, त्यावर ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि वर सेकंद उलटे मोजले जात असतात. घाबरून जाऊ नका, कोणी व्हायरस टाकलेला नाही. एक की दाबा, ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, आणि कागदावरचा पासवर्ड. तो पडदा चुकला तर मिंट सुरू होतं, फक्त वायफाय किंवा ग्राफिक्सचा एखादा बाहेरचा ड्रायव्हर रुसून बसतो.

मग मुख्य प्रश्न : कुठे टाकायचं? ‘इरेझ डिस्क’ म्हणजे पूर्ण डिस्क पुसून एकटं मिंट. नवी एसएसडी बसवली असेल किंवा विंडोज कायमचं सोडायचं ठरलं असेल तर हेच. एकाहून जास्त डिस्क असतील तर खालच्या यादीत कोणती निवडली आहे ते आकार वाचून बघा. २५६ आणि १००० यांतला फरक इथेच महत्त्वाचा.

‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ म्हणजे दोन्ही शेजारी-शेजारी. मधली पट्टी माउसने सरकवून मिंटला किती जागा द्यायची ते ठरवता येतं; निदान ५० जीबी द्या, १०० असेल तर उत्तम. हा पर्याय दिसतच नसेल तर बहुधा बिटलॉकर चालू राहिलं आहे, विंडोज नीट बंद झालेलं नाही, किंवा जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशनचा कोटा भरला आहे. मागे जाऊन ते निस्तरा. डिस्कच दिसत नसेल तर बायॉसमध्ये साटा मोड ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर असतो, तो ‘एएचसीआय’ करावा लागतो. पण विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल परस्पर करू नका. त्याआधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ते उठत नाही. असं मशीन असेल तर जाणत्याला शेजारी बसवा.

‘समथिंग एल्स’कडे पहिल्या खेपेला फिरकू नका.

‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर कोणते पार्टिशन बदलणार याची यादी येते. सगळ्या प्रवासात मागे फिरता येणारी ही शेवटची जागा. वाचा, मगच पुढे. नकाशावर कोलकाता दिसेल, तोच आपला टाइम झोन. वापरकर्त्याचं नाव छोट्या रोमन लिपीत, सुटसुटीत. होम फोल्डर एन्क्रिप्ट करायचा पर्याय घेतलात तर पासवर्ड विसरल्यावर फोटो परत मिळत नाहीत. घरच्या मशीनला तो नसला तरी चालतो.

पुढे पंधरा ते तीस मिनिटं चित्रं बदलत राहतील. चहा घ्या. शेवटी पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतील.

पहिल्या दिवशी

दोन्ही सिस्टिम ठेवल्या असतील तर आता दर वेळी ग्रब नावाचा मेनू येईल : वर मिंट, खाली विंडोज. दहा सेकंद काही दाबलं नाही तर मिंट. बायॉसच्या यादीत मात्र मिंटच्या जागी ‘उबुंटू’ लिहिलेलं दिसेल. ते बरोबर आहे.

स्वागताच्या खिडकीत ‘फर्स्ट स्टेप्स’ आहे. त्यातलं सगळ्यात आधी टाइमशिफ्ट. हे सिस्टिमचे स्नॅपशॉट घेऊन ठेवतं. एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. ‘आरसिंक’ निवडा, रोजचे दोन-तीन ठेवायला सांगा. यात तुमचे फोटो आणि कागदपत्रं जात नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच.

मग खालच्या पट्टीतली ढालीची खूण, म्हणजे अपडेट मॅनेजर. पहिली खेप मोठी असते, वायफायवर करा. त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर : एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉम असेल तर ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर घ्या आणि रीस्टार्ट.

सॉफ्टवेअर शोधत वेबसाइटी धुंडाळायची विंडोजची सवय इथे सोडायची. मेनूतल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाका, इन्स्टॉल दाबा. व्हीएलसी, गिंप, ऑडासिटी सगळं तिथे आहे. क्रोम आणि झूम मात्र त्यांच्या साइटवरून ‘डेब’ फाइल घेऊन टाकावे लागतात. व्हॉट्सअॅपसाठी मिंटमध्येच ‘वेब अॅप्स’ नावाचं साधन आहे. व्हॉट्सअॅप वेबचा पत्ता दिला की मेनूत त्याचं वेगळं बटण तयार होतं.

आणि घड्याळ. मिंटमधून विंडोजमध्ये गेलात की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी गेलेली नाही. मिंट मशीनच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहितं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं, आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत. मिंटच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल’ लिहून पुढे जागा सोडून ‘सेट-लोकल-आरटीसी १’ ही ओळ रोमन अक्षरांत एकदा दिली की भांडण मिटतं. पासवर्ड मागितला तर टाका. टर्मिनलमध्येच मागितला तर टाइप करताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं.

मराठी टायपिंग

देवनागरी वाचायला काही करावं लागत नाही, फॉन्ट आधीपासून असतात. लिहिण्यासाठी सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये ‘लेआउट्स’ उघडा, अधिकचं चिन्ह दाबा आणि यादीतून मराठी घ्या. ‘एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ हा सरकारी प्रमाण कीबोर्ड. शिकायला आठवडाभर जातो पण हात बसला की याच्याइतका वेग कशात नाही. जोडाक्षरं त्यात नेमकी बसतात. ‘दऱ्या’ लिहायचं तर ओ ने द, शिफ्टसह जे ने ऱ, डी ने हलन्त, तिरक्या रेघेच्या कीने य आणि ई ने काना. ‘ळ’साठी शिफ्टसह एन.

इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची सवय असेल तर मेनूत ‘इनपुट मेथड’ उघडून आयबस निवडा, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ घ्या, एकदा लॉग आउट होऊन परत या. मग आयबसच्या प्राधान्यांत मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट असे प्रकार दिसतील. फोनवरच्या मराठी कीबोर्डसारखे शब्द सुचवले जात नाहीत, आणि आयट्रान्समध्ये मोठी-छोटी अक्षरं काटेकोर पाळावी लागतात. पहिले दोन दिवस चिडचिड होते.

जुन्या फॉन्टांतला मजकूर वाचायचा असेल तर बॅकअपमधल्या फॉन्टच्या फाइलवर डबल-क्लिक करून इन्स्टॉल दाबा, मग लिबरऑफिसमध्ये ती फाइल उघडा. अक्षरं जागेवर येतात. नव्याने लिहिताना मात्र युनिकोडच, म्हणजे वरच्या पद्धतींनी टाइप होणारं आणि कुठल्याही मशीनवर वाचता येणारं देवनागरी, वापरा.

शिकायला मराठीतून काही हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे धडे आहेत. आवाज मराठी, छोटे छोटे व्हिडिओ, फुकट.

नकोच वाटलं तर

पेन ड्राइव्ह लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर तसाच ठेवा, मशीन उठलं नाही तर आतल्या फायली काढायला तोच कामाला येतो. नंतर पुन्हा साध्या वापरात आणायचा असेल तर मिंटच्या ‘यूएसबी स्टिक फॉरमॅटर’ने एक्सफॅट करून घ्या.

विंडोज शेजारी ठेवलं असेल आणि मिंट काढायचं ठरलं, तर क्रम पाळा. आधी मिंटमधल्या फायली बाहेर काढा. मग बायॉसमध्ये बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरवर आणा आणि विंडोज सरळ उघडतंय ना ते बघा. त्यानंतरच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन मिंटचं पार्टिशन उडवा. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, तुम्ही दिलेल्या आकारावरून ओळखता येतं. ईएफआय लिहिलेल्या छोट्या पार्टिशनला हात लावू नका, विंडोजही त्यावरूनच सुरू होतं. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हच्या लगतच असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने त्याला जोडता येते, मधे रिकव्हरीचं पार्टिशन आलं असेल तर तो पर्याय फिका दिसतो, तेव्हा त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करा. बायॉसमध्ये ‘उबुंटू’ ही ओळ मागे राहते. तिच्याने काही बिघडत नाही.